ओटीपी सांगणार नाही

१७ जून २०२५, मंगळवार

आज नोकरी सोडली. बावीस वर्षांची होती, सोडायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मोठे वकीलसाहेब मला नेहमी सांगायचे, आशालता, ज्या दिवशी भांडण होईल त्याच दिवशी तारीख टाकून लिहून ठेवायचं, नंतर आठवतं ते आपल्या सोयीचं असतं. म्हणून ही वही. कोण काय बोललं ते लिहीन, घरात काय झालं तेही लिहीन. उद्या कुणी विचारलं तर मी त्या वेळी कुठे होते, काय करत होते, हे सांगता आलं पाहिजे.

झालं असं. साहेब गेल्यापासून इथलं बालाघाटचं ऑफिस त्यांचा मुलगा वीरेंद्र चालवतो. काम तेच, लोकांची आयकराची रिटर्न भरणं. सकाळी त्यानं माझ्यासमोर यादी ठेवली. चाळीस नावं, सगळे पगारदार, मास्तर, नर्स, वनरक्षक. नावापुढे रिफंड किती आणायचा तो आकडा आधीच लिहिलेला. अजून एकाचाही फॉर्म सोळा ऑफिसात आलेला नाही. म्हणजे पगार किती, कर किती कापला गेला, कुणाला माहीत नाही. परत किती मिळणार ते मात्र ठरलेलं.

"हे कसं काढलं?" मी विचारलं.

"उलटं चालायचं ताई. रिफंड पहले, वजावट नंतर. कुठं घरभाडं टाका, कुठं चंदा टाका, कुठं घरात कोणी बिमार दाखवा. सब यही कर रहे हैं."

"मी नाही करत."

"मागच्या साली तर केलं तुमीनं."

हे खरं आहे, आणि वहीत खोटंच लिहायचं तर वही कशाला? मागच्या वर्षी त्यानं कागदावर लिहून दिलेले आकडे मी टाइप केले. अकरा जणांचे. पावत्या मागितल्या तर म्हणाला, नंतर देतो. मी पुन्हा मागितल्या नाहीत. मला कळत नव्हतं असं नाही, मला कळून घ्यायचं नव्हतं.

म्हणून आज म्हटलं, मागच्या साली केलं म्हणूनच यंदा नाही. तो हसला. "तुमच्यासारखे टायपिंगवाले बस स्टँडपाशी रोज भेटतात." मी चावी टेबलावर ठेवली, पर्स उचलली आणि निघाले. डबा तिथेच राहिला. त्यात कारल्याची भाजी होती. खाऊ दे त्याला.

१८ जून, बुधवार

यांना काल संध्याकाळीच सांगितलं. हे म्हणजे गुणाकर, माझे यजमान, सरकारी हायस्कुलात गणित शिकवतात. वाटलं होतं, शाबासकी मिळेल.

"थोडं सबुरीनं घ्यायचं होतं, आशा. त्याच्याशी बिघडवून कसं जमन?"

"काहून नाही जमणार?"

हे उठले. कुंड्यांना पाणी घातलं, थोड्या वेळानं त्याच कुंड्यांना पुन्हा घातलं. माणूस मुळातच भित्रा आहे. शाळेत हेडमास्तरांच्या खुर्चीसमोरून जातानासुद्धा चप्पल वाजू देत नाही.

यांचं स्वतःचं रिटर्न वीरेंद्रच भरतो. घरच्या माणसाचं रिटर्न आपण भरायचं नाही, हा साहेबांचा नियम. मी तो बावीस वर्षं पाळला. यांचा फॉर्म कधी उघडूनही पाहिला नाही.

२० जून, शुक्रवार

पर्समधले फोन वाजायला लागले.

कुणाला सांगितलं तर हसेल. आयकराच्या पोर्टलवर खातं उघडायचं तर मोबाइल नंबर द्यावा लागतो. तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांचे नंबर दर दोन महिन्यांनी बदलायचे, आणि बिरस्याकडच्या लोकांना तर जंगलात नेटवर्कच सापडायचं नाही. साहेबांनी तोडगा काढला, आपलाच नंबर टाकायचा. पण एका नंबरावर दहाच माणसं चालतात, आणि एका माणसाला नऊच सिम मिळतात. ती नऊच्या नऊ माझ्या आधारवर घेतली. नऊ सिम, नव्वद माणसं, पाच बटनवाले फोन. पासवर्ड सगळे माझ्या डोक्यात. वीरेंद्रनं कधी विचारलेच नाहीत. फोन रोज पर्समधून घरी आणायची सवय, त्या दिवशीही तसेच आले.

आता वीरेंद्र खातं उघडायला जातो, पासवर्ड माहीत नाही, मग 'पासवर्ड विसरलात का' दाबतो. लगेच सहा आकड्यांचा कोड येतो, तो माझ्या पर्समध्ये.

दुपारी त्याचा फोन. "ताई, एक ओटीपी आला असन. सांगा."

"कोणाचा आहे?"

"बिरस्याच्या सत्यभामा सिस्टरचा."

"मग त्यायले विचारते आधी, की काय भरून राह्यले ते तुमाले माहीत हाय का."

"अरे ताई, उसमें क्या है? छेच तर आकडे हायेत."

"छेच हायेत, तरी सांगणार नाही."

संध्याकाळपर्यंत तेरा कोड आले. तेराही मी पुसून टाकले. बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला.

२४ जून, मंगळवार

व्हरांड्यात टेबल टाकलं. लॅपटॉप घरात होताच. मागच्या दिवाळीला यांनी आणून दिला होता. पैसे कुठून आणले विचारलं तर म्हणाले, जमवले. तेव्हा मी उगाच यांना चिक्कू म्हणत आले असं वाटून गेलं होतं.

पाटी करून घ्यायला भैयालालकडे गेले. हनुमान चौकाच्या अलीकडे त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याचं रिटर्नही माझ्याच नऊ सिमांपैकी एकावर.

"क्या लिखना है दीदी?"

"रिटर्न खरं तेच भरून मिळेल."

तो पेन कानाला लावून बघत राहिला. "दीदी, बुरा मत मानना. ऐसा लिखोगी तो कौन आएगा? शंभर टक्के रिफंड लिहा. मी फुकट बनवून देतो."

"पैसे घे आणि मी सांगते तेच लिही."

लिहिलं. खालच्या ओळीत हिंदीतही लिहिलं, मराठी सगळ्यांना येत नाही. पाटी लागली. पहिल्या दिवशी एक माणूस आला. त्याला आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती.

२८ जून, शनिवार

वीरेंद्र घरी आला, पेढे घेऊन. मी त्याला दहावीत असल्यापासून ओळखते, तो पेढे आणतो तेव्हा काहीतरी फुटलेलं असतं.

"आशाताई, तुमी घरच्या. वापस या. पगार वाढवतो."

"यादी फाडली का?"

"यादीचं सोडा. ते फोन तर ऑफिसचे हायेत. रिपोर्ट लिखाई तो चोरी का केस बनेगा."

मला असं काही हसू आलं! म्हटलं, "चल, आत्ताच जाऊ कोतवालीत. सिम माझ्या नावानं, माझ्या आधारवर. अन् पोलिसाले हेही सांगू, का नव्वद लोकांचे कोड तुले कायले पाहिजेत. रिक्षा बोलावू?"

पेढ्याचा डबा मी त्याच्या हातात परत दिला. हे मध्ये पडले, "बसा, बसा, चहा घेऊन जा," असं चाललं होतं. शेवटी वीरेंद्र म्हणाला, "सर, तुमीच समजवा," आणि हे त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. पंधरा-वीस मिनिटं लागली. हे कधी कुणाला तोडून बोलू शकत नाहीत. परत आले तर चेहरा उतरलेला. माझ्यामुळे यांना किती ऐकून घ्यावं लागतं, असं वाटून वाईट वाटलं.

१ जुलै, मंगळवार

एक नवल लिहून ठेवते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. या माणसानं कधी स्वतःचा फोन चार्जिंगला लावला नाही, तोही मीच लावायची. पण परवापासून मी सकाळी आंघोळीला गेले की हे पाचही बटनवाले फोन चार्जिंगला लावून ठेवतात.

"तुले दिवसभर किती कटकट," म्हणाले. "तेवढं तर मी करू शकतो."

आंघोळ आणि पूजा मिळून मला पाऊण तास लागतो. बाहेर येते तर फोन ओळीत मांडलेले, चहा तयार. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. मी यांना भित्रे म्हणते, पण वेळ आली तर माझ्या बाजूनं उभे राहिलेच ना.

६ जुलै, रविवार

जिंकले! पाच दिवस झाले, एकही कोड नाही. वीरेंद्र थकला. मी यांना म्हटलं, पाहा, बाई अडून बसली की काय होतं ते. हे ताटात पाहून जेवत होते. "हौ," म्हणाले. आलूबोंडे केले होते, यांच्या आवडीचे, पण दोनच खाल्ले. पोटाचं काहीतरी बिघडलंय वाटतं. ओवा दिला.

८ जुलै, मंगळवार

भाजी बाजारात एका मास्तरीणबाईंनी माझा हात धरला. मला वाटलं, ओळख दाखवतायत. तर म्हणाल्या, "ताई, शेजारच्यांचे पैसे खात्यात आले. माझेच अडकले. तुमी तुमच्या जिद्दीपायी आमच्या पोटावर कायले मारता?"

शेजारच्यांचे आले कसे, हे विचारायचं सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं, की बाई, परत येतात ते तुमचे असतील तर येतीलच, तुमचे नसतील तर उद्या नोटीस घेऊन येतील. त्यांनी हात सोडला. कोथिंबीर घ्यायची राहिली.

 मी बरोबर आहे का फक्त हट्टी आहे? वीरेंद्रनं मला टायपिंगवाली म्हटलं नसतं तर मी चावी ठेवली असती का? सकाळच्या वेळी उत्तर सापडतं, दुपारी सापडत नाही.

११ जुलै, शुक्रवार

पहिलं खरं गिऱ्हाईक! प्रियंका, पंचवीस-सव्वीसची पोर, घरी बसून इंदूरच्या एका कंपनीसाठी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. नोकरी नाही, कामागणिक पैसे, आणि दर वेळी कंपनी दहा टक्के कर कापून घेते. वीरेंद्रनं तिला सांगितलं होतं, रिफंड काढून देतो, त्यातला तिसरा हिस्सा माझा.

"मावशी, मराठी वाचता नाही येत मला, बोलता येते," ती म्हणाली. "हिंदीत समजावा."

समजावलं. तिची कमाई कराच्या हद्दीखालीच होती. कापलेला सगळा कर तिचाच, एकही खोटी ओळ न लिहिता. तिच्या खात्यावर तिचाच नंबर चढवला. कोड तिच्या फोनवर आला आणि ती मला वाचून दाखवायला लागली. मी कानावर हात ठेवले. "मला नको सांगू. कुणालाच नको सांगू. स्वतः टाक."

तिनं टाकला. एवढ्याशा गोष्टीनं तिचा चेहरा फुलला. मला मात्र लाज वाटली. इतकी वर्षं मी नव्वद माणसांचं कुलूप स्वतःच्या पर्समध्ये घेऊन फिरले आणि त्याला सेवा म्हणत आले. आता एकेकाला बोलवायचं आणि ज्याचा नंबर त्याला द्यायचा. नव्वदच्या नव्वद.

१६ जुलै, बुधवार

पेपरात आलंय. खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांची आणि त्या भरून देणाऱ्यांची आयकर खात्यानं देशभर तपासणी सुरू केली आहे.  भरून देणाऱ्यांत मीही आहे. अकरा माणसं.

म्हणून आज त्या अकरांना फोन केले. सरळ सांगितलं, मागच्या वर्षी तुमच्या रिटर्नमध्ये खोटं गेलं, माझ्या हातानं गेलं, दुरुस्तीचं रिटर्न भरता येतं, जास्तीचा कर लागेल, माझी फी लागणार नाही. दोघांनी फोन कापला. एकानं अशा शिव्या दिल्या की वहीत लिहिता येणार नाहीत. चार जण येतो म्हणाले. येवोत न येवोत, मी सांगितलं.

यांना बातमी वाचून दाखवली. हे शर्टाची बटणं लावत होते, एक घर चुकवून लावली. तसेच शाळेत गेले.

१९ जुलै, शनिवार

कितीही उशीर झाला तरी आजच लिहिणार.

सकाळच्या बसनं बिरस्याहून सत्यभामाबाई आल्या, तिथल्या दवाखान्यात नर्स आहेत. नंबर बदलायला मीच बोलावलं होतं. त्यांचं खातं उघडायला गेले तर माझा पासवर्ड चालेना. म्हटलं, मी चुकले असेन. नवा घेतला, कोड आला, आत गेले.

रिटर्न भरलेलं होतं. तीन जुलैचं. पासवर्डही त्याच सकाळी बदललेला, आठ वाजून दहा मिनिटांनी.

"बाई, तुमी बालाघाटात किरायानं राह्यता का?"

"कायले? मी तर दवाखान्याच्या क्वार्टरात राह्यते. तुमाले माहीत हाय ना."

"मग हे घरभाडं?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, वाईट नजरेनं. "वीरेंद्रभाऊचा फोन आलता. म्हणाले, बाकी सगळं आशाताईच्या घरूनच होऊन जाईन. म्हणून तर मी सही देल्ली. तुमच्या घरून म्हटल्यावर कोण इचारन?"

मी त्यांना म्हटलं, एक घोट पाणी घ्या. पाणी मीच प्यायले.

कोड माझ्याच फोनवर आला असणार, दुसरीकडे जाऊच शकत नाही. फोन घराबाहेर गेले नाहीत. मग ही वही काढली आणि पहिल्यापासून वाचली. अठ्ठावीस जून, फाटक. एक जुलै, चार्जिंग. सहा जुलै, ओवा. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. मी या माणसासाठी डोळ्यांत पाणी आणलं होतं!

सत्यभामाबाईंचं दुरुस्तीचं रिटर्न तिथेच भरलं. त्यांच्या नंबरावर कोड आला, त्यांनी टाकला. जाताना म्हणाल्या, "तुमी सांगतलं, हे बरं केलं." पण चहाला थांबल्या नाहीत.

२० जुलै, रविवार

सकाळी आंघोळीला गेलेच नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. पावणेआठला हे आले, फोन चार्जिंगला लावले, चष्मा काढला, पुसला, लावला. मग मी दिसले.

"किती सांगितले?"

हे खाली बसले. "एकतीस."

"अन् काहून?"

सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून वीरेंद्र यांच्याही रिटर्नमध्ये खोटं टाकतोय. पहिल्या वर्षी यांना माहीत नव्हतं, दुसऱ्या वर्षी होतं. त्याच रिफंडमधून लॅपटॉप आला. फाटकापाशी वीरेंद्रनं तेच काढलं, म्हणाला, ताईला सांगू का? कोड द्या, नाही सांगत. एवढंच नाही. शाळेतले बारा मास्तर यांनीच वीरेंद्रकडे पाठवले होते. "मी म्हटलं का आमची आशा हाय तिथं, खात्रीचं काम हाय. त्यायनं तुझ्या नावावर भरवसा ठेवला."

माझ्या नावावर. बाजारातल्या त्या बाई आणि त्यांचे शेजारी, दोघंही त्याच बारांत निघाले.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुले सांगायची हिंमत होते का कोणाची, आशा?"

 हे म्हणाले ते तसंच लिहून ठेवते.

२१ जुलै, सोमवार

साहेबांचा नियम आज मोडला. यांना समोर बसवून यांचं यंदाचं रिटर्न उघडलं. तेही भरून झालेलं, पाच जुलैला.

घरभाडं नाही, कारण घर आमचं. चंदा आहे, कुठल्याशा पक्षाला, ज्याचं नाव यांना वाचताही येईना. आणि त्याखाली एक रकाना. 'आश्रित व्यक्तीचा प्रकार: पत्नी. दिव्यांगता: गंभीर.' पुढे माझा आधार नंबर.

मी तीनदा वाचलं. गंभीर म्हणजे ऐंशी टक्के आणि त्यावर. भैयालालच्या भावाला खरंच चालता येत नाही. त्याच्या प्रमाणपत्रासाठी त्या घरानं जिल्हा दवाखान्याच्या किती खेपा घातल्या ते मी पाहिलंय, कागद मीच लावून दिले होते. त्याच्या हक्काचा रकाना इथे चण्या-फुटाण्यासारखा वाटून टाकला. पण त्याहूनही मला दुसरा शब्द लागला. आश्रित. मी. बावीस वर्षं सकाळी दहाला घराबाहेर पडणारी. या घराच्या छताचा स्लॅब माझ्या पगारातून पडला. मी स्वतःचं रिटर्न स्वतः भरते, यांच्याआधी!

"माझा आधार कोणी देल्ला त्याले?"

"त्यानं मागतला. मी म्हटलं, असंच लागत असन."

"वाचलं नाही? गणित शिकवता ना तुम्ही?"

रागानं घर चालत नाही हे मला ठाऊक आहे, तरी मी ओरडले. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

मग खाली बसून सांगितलं. तुमचं रिटर्न मी दुरुस्त करीन, बाकीच्यांसारखं, टेबलावर, दिवसा. पण आधी शाळेत जा. ज्या तोंडानं त्या बारा जणांना माझं नाव सांगितलं, त्याच तोंडानं त्यांना खरं सांगा. मी येणार नाही. चिठ्ठी देणार नाही.

"स्टाफरूममधी हसतील लोक."

"हसू द्या."

२३ जुलै, बुधवार

काही नाही सांगितलं शाळेत. मी विचारलं नाही, चेहऱ्यावरून कळलं. आम्ही बोलत नाही. फोन मीच चार्जिंगला लावते.

आयकर खात्याला पत्र लिहायला घेतलं. वीरेंद्रची यादी, उलटं चालायची रीत, नव्वद खाती, नऊ सिम. त्यात माझे अकराही लिहिले, नावासकट नाही, पण माझ्या हातानं असं स्पष्ट. एकतीस कोडांपाशी येऊन थांबले. 'माझ्या घरातून गेले' एवढं लिहिलं. कुणी दिले ते लिहायला पेन उचलेना. एवढी तोऱ्यात फिरते मी, आणि इथे थांबले.

वीरेंद्रचा फोन आला, बहुतेक त्याला कुणकुण लागली. "ताई, तुमी पण तर डुबान. सर बी डुबन. सोच लो."

"मले पोहता येते," म्हटलं आणि ठेवला. येत नाही. वैनगंगेच्या काठाला जन्म गेला, कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरले नाही. पण त्याला काय माहीत.

२६ जुलै, शनिवार

पावणेपाचला फाटक वाजलं. पाहते तर सात मास्तर, हातात फायली, आणि सगळ्यात मागे हे.

पुढे होत्या त्या बाजारातल्या बाई. म्हणाल्या, "सरांनी आज मधल्या सुट्टीत उभं राहून सांगितलं. सगळं. आमच्यातले पाच जण रागावून उठून गेले. आम्ही आलो."

मी खुर्च्या मांडल्या. एकेकाला बसवलं, ज्याचा नंबर त्याला दिला, रिटर्न त्याच्याकडून वाचून घेतलं, खोटं कुठलं ते त्याच्याच तोंडून वदवलं. कुणाचं भाडं खोटं, कुणाचं कर्ज, एकाच्या नावावर तर मुलीच्या शिक्षणाचं कर्ज होतं, मुलगी अजून पाचवीत. त्यावर सगळे हसले, तोसुद्धा. रिफंड परत करायचा म्हटल्यावर मात्र कुणी हसलं नाही.

हे सगळ्यांना पुढे जाऊ देत होते. आठवा नंबर आला तेव्हा बाकीचे गेलेले नव्हते. चहा चालला होता. माझ्या मनात आलं, यांना आत नेऊन विचारावं. नाही विचारलं.

"तुमच्यावर आश्रित कोण?" सगळ्यांना विचारला तोच प्रश्न, त्याच आवाजात.

"कोणी नाही."

"मग हे काय लिहिलंय?"

चहाचे कप थांबले. यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "खोटं हाय. माही बायको कोणावर आश्रित नाही. घर तिनं बांधलं. मी तिचा आधार नंबर देल्ला, न वाचता."

मी ती ओळ काढली. चंदाही काढला. मागच्या दोन्ही वर्षांचंही दुरुस्त करायचं ठरलं. त्यात जास्तीचा कर बराच बसेल आणि मार्चपर्यंत आमच्याकडे नवं काही येणार नाही. लॅपटॉप विकायचा का, असं यांनी विचारलं. म्हटलं, नाही, हा आता इथेच राबेल. फी सगळ्यांकडून घेतली, यांच्याकडूनही, आणि पावती फाडली.

माफ केलं का? नाही. अजून नाही. आणि माझ्यासमोर खरं बोलायची हिंमत होत नाही असं जे हे म्हणाले, त्याचंही काय करायचं ते मला कळलेलं नाही.

सगळे गेल्यावर टेबलावर ते अर्धवट पत्र होतं. यांनी उभ्याउभ्या वाचलं. 'माझ्या घरातून एकतीस कोड गेले' या ओळीपाशी थांबले. मग माझं पेन घेतलं आणि त्या ओळीखाली, फळ्यावर लिहितात तशा मोठ्या गोल अक्षरात लिहिलं, 'ते मी दिले.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, शाळा. सही केली.

त्याखाली मी माझी सही केली. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवायचं आहे, सोमवारी पोस्ट ऑफिस साडेदहाला उघडेल.